नवा भ्रमणध्वनी : गरज, हिशेब आणि विवेक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



दि. १९ सप्टेंबर २०२५ रोजी पहाटे मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील अ‍ॅपल कंपनीच्या दालनासमोर मोठी रांग लागली होती. आयफोन १७ या नव्या मालिकेची विक्री त्या दिवशी सुरू व्हावयाची होती आणि रांगेतील काही तरुण आदल्या रात्रीपासून तेथे उभे होते. रांग ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. रॉकेलसाठी रांगा लागल्या आहेत, स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावले आहेत आणि घरी टेलिफोनची जोडणी मिळाली की पेढे वाटण्याचा काळही अनेक ज्येष्ठांनी पाहिला आहे. परंतु त्या रांगांत आणि या रांगेत एक मूलभूत फरक आहे. तेव्हा रांगेत उभ्या असलेल्या माणसाजवळ ती वस्तू नव्हती. वांद्र्याच्या रांगेतील जवळजवळ प्रत्येकाच्या हातात मात्र उत्तम चालणारा फोन होता आणि त्याच फोनवर तो रांगेची छायाचित्रे काढीत होता.

रांगेतील तरुणांची टिंगल करण्यासाठी हे उदाहरण घेतलेले नाही. रांगेत उभे न राहणाऱ्यांच्या घरीही हाच प्रश्न दरवर्षी येतो. नवा फोन बाजारात आला, जुना अद्याप चालतो आहे. मग बदलावा की ठेवावा? हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु घरातील पैसा, घरातील ज्येष्ठांची सुरक्षितता आणि माणसाचे वस्तूशी असलेले नाते या तिन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत. म्हणूनच त्याचा विचार जाहिरातीच्या प्रकाशात न करता, दिवाळीच्या पाडव्याला नवी वही उघडताना ज्या शांतपणे केला जातो, त्या शांतपणे व्हावयास हवा.

कारखान्याचे पंचांग

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जुना फोन ‘जुना’ केव्हा झाला, हे ठरविणारी तारीख बहुतेक वेळा वापरणाऱ्याच्या घरी ठरत नाही. ती कारखान्यात ठरते.

या पद्धतीचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीने १९२० च्या दशकात आल्फ्रेड स्लोन यांच्या नेतृत्वाखाली दरवर्षी मोटारीचे रूप बदलण्याची प्रथा रूढ केली. मोटार बिघडण्यापूर्वीच ती मालकाच्या मनात जुनी व्हावी, हा त्यामागील व्यापारी विचार होता. त्याच दशकात, १९२४ च्या डिसेंबरमध्ये, जिनिव्हा येथे विजेच्या दिव्यांच्या प्रमुख उत्पादकांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापन केला आणि दिव्याचे आयुष्य सुमारे १,००० तासांवर आणण्याचे ठरविले. त्याहून अधिक टिकणारे दिवे त्या काळी तयार होत होते. तरीही ठरविलेल्या मर्यादेपलीकडे दिवा टिकला तर उत्पादकालाच दंड भरावा लागे! एका मार्गाने वस्तू मनात जुनी होते, दुसऱ्या मार्गाने ती प्रत्यक्षात लवकर निकामी होते. फोनच्या व्यापारात या दोन्ही मार्गांच्या खुणा दिसतात.

भारतात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलणे केले. त्या काळी आलेल्या फोनलाही पैसे पडत, त्यामुळे खिशात फोन असलेला माणूसही तो उचलताना क्षणभर विचार करी. पुढे ९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे पहिला आयफोन सादर केला, २००८ मध्ये अँड्रॉइड प्रणालीवरील पहिला फोन आला आणि वार्षिक नव्या अवताराचा क्रम सुरू झाला. प्रारंभीच्या वर्षांत हा क्रम सार्थ होता. दोन-तीन वर्षांत कॅमेरा, पडदा आणि वेग यांत डोळ्यांना दिसेल असा फरक पडत असे. आता तंत्र परिपक्व झाले आहे. सुधारणा आजही होतात, पण त्यांचा उपयोग ज्याच्या-त्याच्या कामावर अवलंबून असतो.

उदाहरणादाखल २०२१ चा आयफोन १३ आणि २०२५ चा आयफोन १७ यांची तुलना करावी. चार वर्षांत पडदा ६.१ इंचांवरून ६.३ इंचांवर गेला, पडद्यावरील दृश्य सेकंदाला ६० ऐवजी १२० वेळा ताजे होऊ लागले, कॅमेरा १२ मेगापिक्सेलवरून ४८ वर गेला आणि मूळ साठवण १२८ जीबीवरून २५६ जीबी झाली. हे फरक खरे आहेत. दागिन्यांची किंवा साड्यांची छायाचित्रे काढून ग्राहकांना पाठविणाऱ्या व्यापाऱ्यास त्यांतील कॅमेऱ्याचा फरक उपयोगी पडेल. जो गृहस्थ फोन करतो, संदेश वाचतो, प्रवचने ऐकतो, पैसे पाठवितो आणि नातवंडांचे फोटो पाहतो, त्याच्या दिनक्रमात मात्र या फरकांनी विशेष बदल होणार नाही. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने जी नवी प्रणाली दिली, ती २०१९ साली विक्रीस आलेल्या आयफोन ११ लाही मिळाली. अर्थात सहा वर्षांचा फोनही कंपनीच्या दृष्टीने त्या दिवशी जिवंत होता.

फोनचे स्वतःचे पंचांग

कारखान्याचे पंचांग बाजूला ठेवले, तर प्रत्येक फोनचे स्वतःचे एक पंचांग असते. त्यात तीन तिथी महत्त्वाच्या आहेत : बॅटरीची, सुरक्षेची आणि दुरुस्तीची.

फोनमधील लिथियम-आयन बॅटरी हा विसाव्या शतकातील एक महत्त्वाचा शोध होय. जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना त्यासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही बॅटरी प्रत्येक चार्जिंगबरोबर किंचित झिजते. आयफोन १४ व त्यापूर्वीच्या फोनांची बॅटरी ५०० पूर्ण चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहावी आणि आयफोन १५ पासून पुढील फोनांची १,००० चक्रांनंतर तेवढी राहावी, अशी रचना असल्याचे अ‍ॅपलने जाहीर केले आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांनुसार तेथे विकल्या जाणाऱ्या फोनच्या बॅटरीने ८०० चक्रांनंतरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे. उष्णता ही बॅटरीची सर्वांत मोठी वैरीण होय. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली ठेवणे किंवा भर उन्हात मोटारीच्या काचेजवळ ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे.

फोन दुपारीच मान टाकू लागला की घरात ‘हा फोन गेला’ असे उद्गार निघतात. वस्तुतः फोन गेलेला नसतो, बॅटरी थकलेली असते. या संदर्भात २०१७ च्या डिसेंबरमधील घटना उद्बोधक आहे. बॅटरी जीर्ण झालेल्या जुन्या आयफोनचा वेग प्रणालीमार्फत कमी केला जातो, हे अ‍ॅपलने त्या वेळी मान्य केले. फोन अकस्मात बंद पडू नये म्हणून तसे केल्याचे कंपनीचे म्हणणे होते. पण ही गोष्ट ग्राहकांना आधी सांगितली गेली नव्हती. पुढे कंपनीने २०१८ मध्ये सवलतीच्या दरात बॅटरी बदलून दिली. फ्रान्समध्ये २०२० साली तिला अडीच कोटी युरोंचा दंड झाला आणि अमेरिकेतील दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंत भरपाई देण्याची तडजोड झाली. या प्रकरणाचा सामान्य माणसासाठी बोध सरळ आहे. फोन मंदावल्यामुळे नवा फोन घेण्याच्या विचारात असलेल्या कित्येकांचे काम केवळ बॅटरी बदलून झाले असते. आजही फोन बदलण्यापूर्वी त्याच्या सेटिंग्जमध्ये बॅटरीची उरलेली क्षमता दिसते का, हे पाहावे. दिसत नसल्यास सेवाकेंद्रात तपासून घ्यावी. नवी बॅटरी बसविण्याचा खर्च नव्या फोनच्या किमतीच्या मानाने अल्प असतो.

‘साठवण भरली’ ही दुसरी नेहमीची तक्रार. अनेक घरांत ती प्रत्यक्षात रोज सकाळी येणाऱ्या सुप्रभाताच्या फुलांनी आणि सणासुदीच्या चलचित्रांनी भरलेली असते. एका रविवारी तासभर बसून ती झाडून काढली, तर फोनला पुन्हा श्वास घेता येतो.

सुरक्षेची तिथी मात्र याहून गंभीर आहे. फोनच्या प्रणालीत वेळोवेळी उणिवा सापडतात आणि उत्पादक त्यांवर सुरक्षा अपडेट पाठवितो. ही सेवा काही वर्षांनी थांबते. त्यानंतर सापडलेली प्रत्येक उणीव त्या फोनमध्ये कायम राहते. घराच्या दाराचे कुलूप तसेच आहे, पण त्याच्या किल्ल्या बाजारात मिळू लागल्या आहेत, अशी ती अवस्था असते. पूर्वी बहुसंख्य अँड्रॉइड फोनांना दोन-तीन वर्षेच ही सेवा मिळे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांचे वचन दिले. पुढे सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ ५जी या मध्यम किमतीच्या फोनलाही सहा वर्षांचे वचन दिले. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ज्या फोनवरून बँकेचे व्यवहार होतात, त्यात ही तारीख दीड-दोन वर्षे मागे राहिली असेल, तर तो फोन कितीही छान चालत असला तरी त्याचे ते काम संपले आहे, असे समजावे.

तिसरी तिथी दुरुस्तीची. सुटे भाग मिळेनासे झाले की फोनचे आयुष्य संपते. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले, ते याच अडचणीच्या जाणिवेतून. फ्रान्सने तर १ जानेवारी २०२१ पासून फोनच्या वेष्टनाबरोबर त्याचा दुरुस्तीयोग्यतेचा गुणांकही दाखविणे बंधनकारक केले होते. नवा फोन घेताना कॅमेऱ्याच्या आकड्यांबरोबर गावात किंवा जवळच्या शहरात त्याचे सेवाकेंद्र आहे का, हा प्रश्नही विचारणे शहाणपणाचे आहे.

वहीतील हिशेब

व्यापारी समाजाला हिशेब शिकविण्याचे प्रयोजन नाही; परंतु फोनच्या बाबतीत तो नेहमीच्या काटेकोरपणे मांडला जातोच असे नाही.

भारतात आयफोन १७ ची विक्री सुरू झाली तेव्हा त्याची मूळ किंमत ८२,९०० रुपये होती. तो दोन वर्षांत बदलला, तर मिळणारी परतीची किंमत वगळून दिवसाला सुमारे ११४ रुपये पडतात. पाच वर्षे वापरला, तर सुमारे ४५ रुपये आणि सात वर्षे टिकविला, तर सुमारे ३२ रुपये. वस्तू तीच, किंमत तीच. केवळ धीराने तिचा दर निम्म्याहूनही खाली येतो. उलटपक्षी, वीस हजारांचा फोन चार वर्षे वापरला, तर दिवसाला १४ रुपयांच्या आत काम भागते. महाग फोन घेणे हा आपोआप अविवेक ठरत नाही आणि स्वस्त फोन घेणे हा आपोआप विवेक ठरत नाही. दरवर्षी बदललेला स्वस्त फोन दीर्घकाळ वापरलेल्या महाग फोनाहून अधिक खर्चिक ठरू शकतो.

दुसरी बाब बिनव्याजी हप्त्याची. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट बजावले होते की शून्य टक्के व्याज ही संकल्पना अस्तित्वातच नाही. व्याज कोठे तरी, कोणत्या तरी नावाने दडलेले असते. आजच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांत बहुधा व्याजाइतकी सूट किमतीत दाखविली जाते. त्या व्याजावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर आणि प्रक्रिया शुल्क मात्र अनेकदा ग्राहकाच्याच माथी येते. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारावा : “रोख दिल्यास किती?” उत्तर कमी आले, तर व्याज किती होते ते कळते. हप्त्याचा खरा दोष मात्र निराळाच आहे. हप्ता मोठ्या रकमेला लहान करून दाखवितो आणि त्यामुळे ज्या वस्तूविषयी घरात चर्चा व्हावयास हवी होती, ती चर्चा न होताच घरात येते.

पावतीवर न येणारा खर्च

काही खर्च दुकानाच्या पावतीवर कधीच येत नाहीत. अ‍ॅपलने स्वतः प्रसिद्ध केलेल्या पर्यावरण अहवालानुसार आयफोन १३ च्या संपूर्ण जीवनकाळात सुमारे ६४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते आणि त्यातील जवळजवळ चार पंचमांश भाग फोन तयार होतानाच घडतो. याचा अर्थ असा की घरी चार्जर बंद ठेवून जी बचत होते, तिच्यापेक्षा फोन आणखी दोन वर्षे वापरल्याने होणारी बचत पुष्कळच मोठी आहे.

बॅटरीत वापरल्या जाणाऱ्या कोबाल्टचा निम्म्याहून फार मोठा वाटा आफ्रिकेतील काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो. तेथील दक्षिण भागात, कोल्वेझीच्या परिसरात, मोठ्या खाणींबरोबरच हातांनी खणल्या जाणाऱ्या असंख्य खाणी आहेत. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या खाणींच्या परिसरात बालके काम करीत असल्याचे आणि मजूर संरक्षणाच्या साधनांविना खोल बोगद्यांत उतरत असल्याचे नोंदविले. त्यानंतर काही कंपन्यांनी पुनर्वापरातील कोबाल्ट घेण्याची उद्दिष्टे जाहीर केली, हेही नमूद केले पाहिजे. तथापि ज्या घरात पाणी गाळून पितात आणि सूर्यास्तापूर्वी भोजन उरकतात, त्या घरात या मुलांचा विचार परका वाटण्याचे कारण नाही.

वस्तूच्या जन्माप्रमाणे तिच्या अंताचाही खर्च असतो. संयुक्त राष्ट्रांच्या सहभागाने प्रसिद्ध झालेल्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. उरलेल्यातील बराचसा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत हाताने फोडला जातो. तारा जाळून तांबे काढले जाते आणि तो धूर तेथील माणसे श्वासातून घेतात. भारतात ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले असून उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी आहे. पण घरातील कपाटाच्या खणात पडून राहिलेला फोन त्या व्यवस्थेपर्यंत पोहोचतच नाही.

घरातील उतरंड

आता एका घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. असे घर कोणत्याही गावात असू शकेल. घरात तीन फोन आहेत. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाचा फोन दोन वर्षांचा आहे, वडिलांचा चार वर्षांचा आणि आजीचा आठ-नऊ वर्षांचा. आजीचा फोन पूर्वी वडिलांचा होता. दिवाळी जवळ येते. मुलगा नव्या फोनचा विषय काढतो. त्याच्या मित्रांकडे तो आला आहे. थोडी कुरकुर, थोडी चर्चा होते आणि नवा फोन येतो. मुलाचा फोन वडिलांकडे जातो, वडिलांचा आजीकडे. काटकसरी घराला या व्यवस्थेत समाधान वाटते. काहीच वाया गेले नाही ना!

या उतरंडीचा क्रम मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. ज्याने नवा फोन मागितला, त्याचा फोन उत्तम चालत होता, त्याची सुरक्षा सेवाही चालू होती. ज्या फोनला खरोखर धोका होता, तो आजीच्या हातात होता आणि आजीने काहीच मागितले नव्हते. तिच्या खात्यात मुदतठेवींचे व्याज जमा होते, तिच्या फोनवर बँकेचे सांकेतिक क्रमांक येतात, भाजीवाल्याला ती यूपीआयने पैसे देते. लग्नपत्रिका म्हणून आलेली एखादी घातक फाइल तिने विश्वासाने उघडली, तर तिला सावध करणारी व्यवस्था त्या जुन्या प्रणालीत सर्वांत दुबळी आहे. घरातील ज्याला फसवणूक ओळखणे सर्वांत कठीण, त्याच्याच हाती सर्वांत असुरक्षित फोन, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. यंदा वडिलांचा फोन तिच्याकडे आला म्हणून थोडा काळ निभावेल. पण त्याची सुरक्षेची तिथी कधी संपते, हे पाहिले कोणी?

घरात नवा फोन घ्यावयाचाच असेल, तर तो प्रथम कोणाला हवा, हा प्रश्न मागणीवरून न ठरविता गरजेवरून ठरविला पाहिजे. या घरात उत्तर असे येईल : मुलाचा फोन आणखी दोन-तीन वर्षे सहज चालेल, वडिलांच्या फोनला नवी बॅटरी पुरेल, आणि आजीसाठी दीर्घ सुरक्षा सेवेचे वचन असलेला, मोठ्या अक्षरांचा, मध्यम किमतीचा फोन यावा. यात तिघांचेही काम भागते आणि खर्च नव्या महागड्या फोनच्या एका लहान हिश्श्याइतकाच होतो. नव्या फोनमुळे लबाडाच्या बोलण्याला भुलण्यापासून रक्षण होत नाही, हेही खरे. त्यासाठी आजीशी नातवाने अर्धा तास बसून बोलणे हाच उपाय आहे. मुलाला नकार देताना त्याला या निर्णयात सहभागी करून घेतले आणि आजीचा फोन निवडण्याचे व शिकविण्याचे काम त्याच्याकडे दिले, तर नकाराची कटुताही उरणार नाही.

भोग आणि उपभोग

जैन आचारविचारात गृहस्थासाठी भोगोपभोगाचे परिमाण सांगितले आहे. एकदा वापरली की संपते ती वस्तू, जसे अन्न, आणि पुनःपुन्हा वापरता येते ती वस्तू, जसे वस्त्र व अलंकार, असा भेद तेथे केलेला आहे. या दोन प्रकारांना कोणती नावे द्यावयाची, हे परंपरेनुसार बदलते. भेद मात्र स्पष्ट आहे. दुसऱ्या प्रकारच्या वस्तूचे स्वरूपच पुनःपुन्हा वापरले जाण्याचे आहे. वस्त्र विरेपर्यंत वापरावे, अलंकार पिढीकडून पिढीकडे जावा, भांड्याला कल्हई करावी. फोन हा निःसंशय या दुसऱ्या प्रकारातील. दरवर्षी नव्या अवताराच्या मागे धावताना माणूस या टिकाऊ वस्तूला अन्नाप्रमाणे एकवेळची करून टाकतो. हंगाम सरला की आंबा संपावा, तसा फोन संपतो! वार्षिक बदलाच्या सवयीतील खरा दोष येथे आहे.

परिग्रहाची व्याख्या तत्त्वार्थसूत्रात वस्तूंच्या संख्येवरून न करता वस्तूविषयीच्या मूर्च्छेवरून केली आहे, हे अभ्यासकांना ठाऊक आहेच. त्या कसोटीवर जुना फोन मिरविणाऱ्याचीही सुटका नाही. ‘पाहा, सात वर्षे झाली, अजून हाच वापरतो’ असे चारचौघांत सांगण्यातही त्याच वस्तूचा अभिमान असतो. आणि आजीच्या सुरक्षिततेसाठी नवा फोन घेणारा, वस्तू वाढवूनही मूर्च्छेपासून दूर असू शकतो. परिमाण म्हणजे वस्तूचा तिरस्कार नव्हे. आपल्याला किती पुरे, हे दुकानात शिरण्यापूर्वी, शांत चित्ताने, स्वतः ठरवून ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ. फोनच्या बाबतीत असे परिमाण कोणासही सहज घेता येईल : सुरक्षा सेवा चालू आहे, दुरुस्ती शक्य आहे आणि नेमलेले काम होते आहे, तोवर फोन बदलणार नाही.

निर्णयानंतर

तरीही काही वेळा बदल आवश्यक ठरतोच. अशा वेळी काही गोष्टी पाळाव्यात. नवा फोन जाहीर झाल्यावर मागील वर्षीच्या फोनची किंमत बहुधा उतरते. तोच घेतला, तर बहुतेक कामे भागतात. वापरलेला फोन घ्यावयाचा असल्यास त्यावर *#०६# दाबून मिळणारा क्रमांक दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या सेवेवर तपासून घ्यावा, म्हणजे तो चोरीचा म्हणून नोंदलेला आहे का, ते कळते. जुना फोन देताना त्यातील बँकेची व यूपीआयची खाती काढून टाकावीत, छायाचित्रे अन्यत्र उतरवून घ्यावीत, नोंदणीकृत खात्यातून बाहेर पडावे आणि मग फोन मूळ स्थितीत आणून पूर्णपणे पुसावा. फुगलेली बॅटरी असलेला फोन घरात ठेवू नये आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नये. त्याने आग लागू शकते. तो अधिकृत ई-कचरा संकलकाकडे किंवा उत्पादकाच्या सेवाकेंद्रात द्यावा.

ज्येष्ठांनी आणि तरुणांनी आज घरी गेल्यावर एक छोटेसे काम करावे. घरातील सर्व फोन एका ताटात ठेवावेत. प्रत्येकाची शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख आणि बॅटरीची अवस्था एका कागदावर लिहावी. सर्वांत मागे राहिलेली तारीख कोणाच्या फोनची आहे, ते पाहावे. पुष्कळ घरांत तो फोन देवघराशेजारच्या खोलीत बसलेल्या, काहीही न मागणाऱ्या व्यक्तीचा निघेल. नव्या फोनचा विचार त्या कागदावरून सुरू व्हावा.

जय जिनेंद्र.